आमची कपिला

कोंकणांतील आमच्या गोठ्यांत ठेंगणी, काटक कपिला होती. दूध थोडें, म्हणून आम्हींच ती व तिच्या कालवडी जर्सी वळूकडून भरविल्या, आणि त्या शहाणपणाचा अभिमानहि मिरविला! पुढें २०१८ सालीं हरियाणांतील कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेनें ‘कोंकण कपिला’ ही स्वतंत्र जात म्हणून नोंदविली.

जातीची विविधता मोजावयाची तर परस्परांशीं नातें नसलेल्या गुरांचें रक्त घेतात. आनुवंशिक द्रव्यांतील ठराविक जागीं मातेकडून व पित्याकडून आलेले अंश किती भिन्न, तें पाहतात. जागतिक अन्न व शेती संघटनेनें गाईंकरितां अशा ३० जागा सुचविल्या आहेत. (सगोत्र टाळणाऱ्या घरांस यांतील मर्म उलगडून सांगणें नको.)

गतवर्षीं असेच एक तपासनीस गांवीं आले. आमच्या दावणीची गाय त्यांनीं न्याहाळली, आणि सुई न काढतांच ते शेजाऱ्यांच्या गोठ्याकडे वळले.