रीळ, सायकल आणि सात मिनिटांचा अंधार

१/ सायकल आणि सिनेमा ही एकाच काळात वयात आलेली भावंडे आहेत. या थ्रेडमध्ये त्या दोघांचा थोडा इतिहास सांगणार आहे. लिओं, रोम, मुंबई असा फिरत तो शेवटी जळगावच्या एका रेल्वे फाटकाशी येऊन थांबेल. त्या फाटकाशी माझे एक जुने देणे बाकी आहे.

२/ साल १८९५. फ्रान्समधील लिओं शहरात लुमिएर बंधूंनी स्वतःच्या कारखान्याच्या दारासमोर कॅमेरा लावला. काम संपवून कामगार बाहेर पडतात, एवढाच तो चित्रपट. लांबी मिनिटभरापेक्षाही कमी. पण नीट पाहिले तर त्या गर्दीतून सायकलीही बाहेर पडताना दिसतात. पडद्यावर माणूस चालू लागला, तेव्हाच सायकलही चालू लागली होती.

३/ ७ जुलै १८९६ रोजी लुमिएर यांचे चित्रपट मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवले गेले. पुढे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी कॅमेरा मिळवला आणि १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एका कुस्तीचे चित्रण केले. भारतीय माणसाने टिपलेल्या अगदी आरंभीच्या चित्रपटांत एक खेळ आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

४/ आता शर्यतीकडे वळू. १९०३ मध्ये ‘लोतो’ या फ्रेंच क्रीडा दैनिकाला खप वाढवायचा होता, म्हणून त्याने देशाला वळसा घालणारी सायकल शर्यत काढली: ‘तूर द फ्रान्स’. ६ टप्पे, सुमारे २,४२८ किलोमीटर. ६० जण निघाले, शेवटपर्यंत पोचले फक्त २१. पहिला आलेला मोरिस गारँ एके काळी धुराडी साफ करीत असे.

५/ ‘लोतो’ पिवळ्या कागदावर छापला जाई. १९१९ पासून आघाडीवरच्या स्वाराला मिळू लागलेला पिवळा सदरा त्याच रंगाचा. पण मला यातली खरी गंमत वेगळीच वाटते. रस्त्याकडेला तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या प्रेक्षकाला शर्यत दिसते ती काही क्षण. उरलेली त्याला दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचावी लागे. अख्खी शर्यत कोणीच पाहिलेली नसे.

६/ ही उणीव कॅमेऱ्याने काही अंशी भरून काढली. १९६२ मध्ये लुई माल यांनी ‘व्हिव्ह ल तूर’ हा छोटा माहितीपट केला. त्यात विजेत्याचे कौतुक कमी आणि तहान जास्त आहे: स्वार वाटेतल्या कॅफेंत घुसतात, हाताला लागतील त्या बाटल्या उचलतात आणि पुन्हा खोगिरावर बसतात. पुढे याच माल यांनी भारतात येऊन माहितीपट केले आणि १९७० मध्ये त्यावरून सरकार व बीबीसी यांचे बिनसले, तो स्वतंत्र थ्रेडचा विषय.

७/ आपल्याकडे काय होते? १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर तुडवून मार्च १९२८ मध्ये परतले. ना बक्षीस, ना पदक. मराठीत अशांसाठी नेमका शब्द आहे: हौशी.

८/ दोन्ही वेडे एकाच देहात नांदल्याचेही उदाहरण आहे. जानकीदास. १९३८ च्या सिडनी येथील ब्रिटिश एम्पायर गेम्समध्ये भारताचे सायकलपटू, देशातील सायकल महासंघाच्या संस्थापकांपैकी एक, आणि पुढे अनेक दशके हिंदी चित्रपटांतला ओळखीचा चेहरा. मुनीम, शेठ, मामा अशा भूमिकांतल्या त्या कृश माणसाने कधी काळी ट्रॅक गाजवला होता, हे प्रेक्षकांच्या ध्यानीमनीही नसे.

९/ महाराष्ट्रात मुंबई-पुणे शर्यतीची मोठी परंपरा आहे. बोरघाट आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. मला विजेत्याच्या किताबापेक्षा हा किताब अधिक भावतो. आणि २०१५ मध्ये आमच्या शेजारच्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघाने पूर्ण केली. ते वाचून त्याच महिन्यात मी गिअरची सायकल घेतली.

१०/ आता खानदेश. धुळ्याला दोन जुने महामार्ग एकमेकांना छेदतात: मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर. पण चित्रपटांच्या नकाशावर आमची राजधानी भुसावळ. चित्रपट व्यवसायाच्या विभागणीत खानदेश मुंबईच्या नव्हे, तर मध्य प्रांत-वऱ्हाडच्या वाट्याला येतो आणि ‘सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन’ ही वितरक-प्रदर्शकांची संस्था भुसावळातच आहे. चित्रपटाच्या पेट्या रेल्वेने यायच्या, हे त्यामागचे साधे गणित.

११/ भुसावळहून जळगाव अवघे पंचवीस किलोमीटर. पण प्रिंट महाग आणि चित्रपटगृहे अनेक. म्हणून देशभर एक युक्ती चाले: एकच प्रिंट दोन चित्रपटगृहांत. एकीकडे खेळ १२ वाजता सुरू व्हायचा, दुसरीकडे पाऊण तासाने. पहिल्या ठिकाणी रीळ संपले की ते गुंडाळून, डब्यात घालून, सायकलच्या कॅरिअरला बांधून दुसरीकडे पोचवायचे. माझे आबा हे काम करीत.

१२/ हिशेब समजून घ्या. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. २,००० फुटांचे रीळ म्हणजे सुमारे २२ मिनिटे. तीन तासांच्या चित्रपटाला असे आठ डबे. प्रोजेक्टर दोन, एकावरचे रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर क्षणभर ठिपका चमकतो, ऑपरेटर दुसरे मशीन सुरू करतो आणि प्रेक्षकाला सांधा कळत नाही. अट एकच: पुढचा डबा वेळेत हजर हवा.

१३/ म्हणजे आबांची रोज शर्यत होती, दर २२ मिनिटांनी एक. काळी, चोवीस इंची, बिनगिअरची सायकल. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा मागच्या डब्याला हात लागला तर चटका बसे. परत जाताना आधीचा डबा न्यायचा, म्हणजे रिकामी फेरी नाहीच. या शर्यतीला प्रेक्षक शेकडो होते, पण स्वार कोणाला दिसत नसे. तो दिसला नाही, यातच त्याचे यश.

१४/ आणि चित्रपट? तो त्यांनी कधीच सलग पाहिला नाही. केबिनच्या दारातून दिसेल तेवढा, दोन-चार मिनिटे. कोणता नायक मरतो हे त्यांना ठाऊक असे. का मरतो, ते नसे.

१५/ १९९२ मध्ये मन्सूर खान यांचा ‘जो जीता वही सिकंदर’ आला. अमेरिकेतील ‘ब्रेकिंग अवे’ (१९७९) या चित्रपटाशी त्याचे नाते सांगितले जाते. शेवट दोन्हींकडे सायकल शर्यतीने होतो. आमच्याकडे तो पावसाळ्यात लागला. मी अकरा वर्षांचा. आबांनी मला दुसऱ्या चित्रपटगृहात पुढच्या रांगेत बसवले आणि ते आपल्या कामाला गेले.

१६/ शेवटची शर्यत रंगात आली आणि पडदा पांढरा झाला. मग अंधार. एक मिनिट, दोन मिनिटे. शिट्ट्या सुरू झाल्या, बाकांवर पाय आपटू लागले, कोणी तरी ऑपरेटरच्या आईचा उद्धार केला. सात मिनिटे हे चालले. त्या गदारोळात एक शिट्टी माझीही होती. दोन बोटे तोंडात घालून, अगदी मनापासून वाजवलेली.

१७/ चित्रपट पुन्हा सुरू झाला, नायक जिंकला, मी टाळ्या पिटल्या. बाहेर आलो तर केबिनच्या जिन्यावर आबा बसलेले. चिंब भिजलेले, एका पायात चप्पल नाही. मालगाडीसाठी फाटक बंद होते. गाडी मध्येच थांबून राहिली, तेव्हा सायकल तिथेच टाकून, डबा खांद्यावर घेऊन ते चिखलातून पादचारी पुलावरून वळसा घालून धावत आले होते. त्या दिवसाची मजुरी कापली गेली. मी काही बोललो नाही.

१८/ खूप पुढे, फिल्म सोसायटीच्या एका खेळात मी डी सिका यांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ (१९४८) पाहिला. १९५२ मध्ये मुंबईत भरलेल्या भारताच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला होता आणि बिमल रॉय यांच्या ‘दो बीघा ज़मीन’वर (१९५३) त्याचा ठसा आहे. सगळ्यांना हे माहीत असते. पण नायकाची नोकरी कोणती, हे अनेक जण विसरतात.

१९/ तो भिंतींवर चित्रपटांची पोस्टर लावतो. नोकरीची अट: स्वतःची सायकल हवी. घरातल्या चादरी गहाण टाकून तो सायकल सोडवतो आणि रिटा हेवर्थचे पोस्टर चिकटवत असतानाच ती चोरीला जाते. शेवटाकडे तो मुलासह फुटपाथवर बसलेला असताना समोरून शर्यतीचे स्वार भुर्रकन निघून जातात. एकाच्या पोटाची सायकल, दुसऱ्यांच्या हौसेची. त्या दृश्यात मी डोळे मिटून घेतले. मी कोणत्या बाजूचा, ते मला कळले होते.

२०/ गेल्या हिवाळ्यात मी धुळ्याहून २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला उतरलो. ही शर्यत नव्हे. साडेतेरा तासांत अंतर कापायचे, बस. पारोळा, एरंडोल, पाळधी, मग बांभोरीजवळ गिरणेचा पूल. जाताना वारा पाठीशी होता, म्हणून मी स्वतःवर फार खूश होतो. परतीला तोच वारा छातीवर आला आणि पारोळ्याअलीकडे मागचे चाक बसले. धुळ्यात पोचलो तेव्हा मुदतीवर नऊ मिनिटे झाली होती. यादीत नाव नाही.

२१/ आबांना फोन केला. माझ्याकडे हजारो रुपयांची सायकल, हातमोजे, हेल्मेट, आणि मी लहान मुलासारखा रडवेला झालो होतो. ते घटकाभर गप्प राहिले आणि मग अहिराणीत म्हणाले, “उशीर व्हयना ते व्हयना. डबा पोचना ना?” त्यांच्या लेखी प्रश्न तेवढाच होता. माझ्या घशाशी तीस वर्षांपूर्वीची ती शिट्टी आली, पण बाहेर पडली नाही.

२२/ २००५ च्या सुमारास उपग्रहावरून चित्रपट पाठवण्याची व्यवस्था आली आणि पुढच्या दशकभरात रिळे गेली. डब्यांबरोबर ते पोचवणारेही गेले. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव कधीच नव्हते, त्यामुळे ते गेल्याची नोंदही कुठे झाली नाही.

२३/ परवा मी आबांना घरच्या टीव्हीवर ‘जो जीता वही सिकंदर’ दाखवला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, सलग. आता त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर. गाण्यांना ते हसले. शर्यत सुरू झाली तेव्हा मात्र ते नायकाकडे पाहतच नव्हते. त्यांची नजर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यावर खिळली होती. ठिपका येतो का, ते पाहत होते.

२४/ चित्रपट संपल्यावर मी त्यांना फाटकाचा दिवस आठवतो का, असे विचारले. म्हणाले, “चप्पल नवी होती.” मग मी शिट्टीचे सांगितले. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि म्हणाले, “शिट्ट्या वरपर्यंत ऐकू येत. त्याच्यावरूनच कळायचं, लोकांना पिक्चर आवडलाय.”

२५/ हा थ्रेड इथे संपतो. राजांचे आणि किल्ल्यांचे इतिहास आपण वाचतोच, वाचायलाच हवेत. पण तुमच्याही गावात कोणी रिळे वाहिली असतील, पोस्टर लावली असतील, टुरिंग टॉकीजचा तंबू ठोकला असेल. ती माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांना विचारा, तारखांसह लिहून ठेवा आणि खाली सांगा. हा डबा वेळेत पोचवण्याचे काम आता आपले आहे.