हळदीच्या हंगामातली दहा मिनिटं

हिंगोली,
फाल्गुन शुद्ध पंचमी

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "ते पिलाटेस मी सोडून दिलं, आता मनच लागत नाही." तेवढ्यात हळद शिजवायचा कुकर शेतात आल्याची हाक आली आणि तुम्ही फोन ठेवलात. मी पुन्हा फोन केला असता तर दोन वाक्यांत तुम्ही विषय मिटवला असता. म्हणून पत्र लिहिते आहे. हंगामाची गडबड आहे हे ठाऊक आहे, तरी रात्री जेवणं झाल्यावर निवांत वाचा.

दिवाळीत लेकीनं पुण्याहून येऊन तुम्हाला ते व्यायाम शिकवले, तेव्हा तुम्ही ते तिच्या समाधानासाठी करताय असं मला वाटलं होतं. पण संक्रांतीला मी वाण घेऊन आले, त्या दिवशी तुम्ही पाटावरून उठताना हात टेकला नाही. ओसरीत बसलेल्या कुणाच्या ते लक्षात आलं नसेल. माझा धंदाच माणसांना उठताबसताना बघण्याचा, त्यामुळे माझ्या आलं. जमिनीवरून हात न टेकता उठायला मांड्या, नितंब, पोट आणि पावलं या सगळ्यांनी एकाच वेळी साथ द्यावी लागते. ती साथ तुमच्या शरीरात दोन महिन्यांत परत येऊ लागली होती.

मग हळदीची काढणी लागली आणि सतरंजी गुंडाळून माळ्यावर गेली. शिवरात्रीची गर्दी ओसरल्यावर सोमवारी आपण औंढ्याला गेलो, तिथे काय झालं ते तुम्ही विसरला नसाल. नागनाथाची पिंड खाली तळघरात. तोंडाशी जागा अरुंद, पायऱ्या उंच, वरून दगड डोक्याला लागेल म्हणून वाकूनच उतरावं लागतं, आणि पायरी ओलसर. तुम्ही वरच थांबलात. "माझा नमस्कार सांगा देवाला," म्हणालात, आणि बाकीच्यांना गुडघ्याचं कारण दिलंत. वहिनी, तुमचे गुडघे मी तपासले आहेत, ते बरे आहेत. पाऊल खाली टाकलं तर आपण सावरू की नाही, याची खात्री तुम्हाला वाटत नव्हती. लग्न होऊन आलात तेव्हापासून तुम्ही त्या पायऱ्या उतरत आलात, म्हणून मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

ही खात्री आपल्याला तीन ठिकाणांहून मिळते. डोळे, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग, आणि तळपाय व सांध्यांतून मेंदूकडे जाणारी खबर. वयानुसार तिन्ही मंदावतात. २०२२ साली ब्राझीलमधल्या संशोधकांनी ५१ ते ७५ वयाच्या १७०२ जणांना दहा सेकंद एका पायावर उभं राहायला सांगितलं. एकूण पाचातल्या एकाला ते जमलं नाही. ५१ ते ५५ वयात न जमणारे शंभरात साधारण पाच होते, ७१ ते ७५ मध्ये मात्र निम्म्याहून जास्त. ज्यांना जमलं नाही त्यांच्यात पुढच्या सुमारे सात वर्षांत मृत्यूचं प्रमाणही जास्त दिसलं. एका पायावर उभं राहिल्यानं आयुष्य वाढतं, असा याचा अर्थ कुणी लावू नये. पण तोल हा आतल्या तब्येतीचा बोलका पुरावा आहे, आणि सराव केला तर साठीनंतरही तो सुधारतो. हे दुसरं मी रोज डोळ्यांनी पाहते. जागतिक आरोग्य संघटनेनंही पासष्टीपुढच्या माणसांनी आठवड्यातून किमान तीन दिवस ताकदीचा आणि तोलाचा व्यायाम करावा असं सांगितलं आहे. तुम्हाला पासष्टी यायला वेळ आहे; तोवर थांबू नये, एवढंच माझं म्हणणं.

दादा म्हणतील, दिवसभर शेतात राबणाऱ्या बाईला आणखी व्यायाम कशाला? माझ्याकडे येणाऱ्या बायकांचे नवरे, सासवा सगळे हेच म्हणतात, आणि प्रश्न अगदी रास्त आहे. आता तुमचा हंगामातला दिवस बघा. सकाळपासून उकिडवं किंवा मांडी घालून बसायचं, गड्ड्यापासून कांड्या मोडून वेगळ्या करायच्या. मग टोपलं भरायचं, कमरेतून वाकून उचलायचं, कुकरपाशी नेऊन रिकामं करायचं. शिजलेली हळद पसरायची तीही वाकून, आणि हलवत राहायची तीही वाकूनच. दहा तासांत पाठ एकदाही मागे जात नाही. छातीकडचे स्नायू आखडतात, पाठीचे ताणून ताणून थकतात, आणि पोटाच्या खोलवर कण्याला पट्ट्यासारखा धरून ठेवणारा जो स्नायू आहे त्याला कुणी कामच सांगत नाही. कष्टानं ताकद येते, पण ज्या बाजूनं काम होतं त्याच बाजूला येते. उरलेल्या बाजूचं कुणीतरी मुद्दाम बघावं लागतं. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, हिंगोलीच्या मोंढ्यात दूरदूरचे व्यापारी येतात, आपल्याला अभिमान आहेच. पण ज्या बायकांच्या कमरेवर ही हळद उभी आहे त्यांच्या कमरेची विचारपूस कुठल्याही बाजारात होत नाही, ही गोष्ट मला बोचते.

तुम्ही आणखी एक म्हणालात की लेकीच्या क्लासात स्प्रिंगांचं मोठं यंत्र असतं, इथे काय आहे? इथे सतरंजी आहे, आणि ती पुरते. हे व्यायाम ज्यानं बसवले तो जोसेफ पिलाटेस १८८३ साली जर्मनीत जन्मला. लहानपणी त्याला दमा होता, मुडदूस होता, सांधेताप येऊन गेला होता. पुढे तो इंग्लंडात असताना पहिलं महायुद्ध पेटलं आणि शत्रुराष्ट्राचा माणूस म्हणून इंग्रजांनी त्याला स्थानबद्ध केलं. आयल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत तो बरीच वर्षं होता. तिथे त्यानं आपले व्यायाम घडवले आणि सोबतच्या कैद्यांना शिकवले. १९२६ च्या सुमारास तो न्यूयॉर्कला गेला, तिथे बायको क्लारासोबत व्यायामशाळा काढली, मोठमोठे नर्तक दुखापती घेऊन त्याच्याकडे येऊ लागले. १९४५ साली त्यानं पुस्तक लिहिलं. त्यात चौतीस व्यायाम आहेत आणि ते सगळे जमिनीवर करायचे आहेत. बंद छावणीतल्या माणसाला जे जमलं ते वसमत तालुक्यातल्या ऐसपैस ओसरीवर न जमायला काही कारण नाही.

आत्याबाई हसतात, "हे कसलं परदेशी खूळ," म्हणतात, तेही तुम्ही सांगितलंत. त्यांना सांगा, व्यायामाची शिस्त आपल्याकडेही घराघरांत नेण्याचा खटाटोप झालेला आहे. साताऱ्याकडच्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत, संस्थानातल्या शाळांत त्यांनी ते सुरू केले. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं आणि योगाचा शरीरावर काय परिणाम होतो ते यंत्रांनी मोजून पाहिलं. पिलाटेसचं या मंडळींशी भांडण नाही. श्वासाकडे लक्ष, सावकाश हालचाल, कण्याची काळजी, हे दोन्हीकडे आहेच. २०१५ मध्ये कंबरदुखीवरच्या दहा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात ५१० रुग्ण होते. निष्कर्ष असा निघाला की काहीच न करण्यापेक्षा पिलाटेसनं दुखणं कमी होतं, पण इतर व्यायामांपेक्षा ते वरचढ आहे असं ठामपणे म्हणता येत नाही. म्हणून आत्याबाईंना सूर्यनमस्कार आवडत असतील तर त्यांनी ते घालावेत. तुम्हाला पिलाटेस शिकवलं गेलं, तुमच्या अंगाला ते मानवलं, म्हणून तुम्ही ते चालू ठेवावं. इतकी साधी गोष्ट आहे.

आता मन लागत नाही याबद्दल. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली. जे रुग्ण पहिल्या दिवशी खूप उमेदीनं येतात, तासभर करीन म्हणतात, नवी चटई घेतात, त्यातले बरेच महिन्याभरात दिसेनासे होतात. टिकतात ते कोण, तर ज्यांनी व्यायाम एखाद्या ठरलेल्या कामाच्या पाठीला बांधला. एक आजी दूध तापत ठेवलं की ओट्याला धरून टाचा उचलतात. एक शिक्षिका शाळेतून आल्यावर पदर खोचून आधी जमिनीवर आडव्या होतात, मग चहा. त्यांचं मन रोज लागतं असं नाही. त्यांनी मनाला विचारणं सोडलं आहे. पिलाटेसनंही पुस्तकात हेच सांगितलं: रोज फक्त दहा मिनिटं, चुकवायची नाहीत असं ठरवा, दहाची वीस कधी झाली ते कळणारही नाही.

तुमचं नेमकं कुठे अडलं ते मला वाटतं मी ओळखलंय. दिवाळीनंतर तुम्ही पाऊण तास करत होतात. काढणी लागल्यावर पाऊण तास मिळेना, म्हणून तुम्ही पूर्णच बंद केलं. दादा असं कधी करतात का? विहिरीला पाणी कमी झालं तर ते हळदीची पाळी तोडत नाहीत, थोडं थोडं का होईना, देतात. व्यायामाचं मापही हंगामाप्रमाणे बदलावं. काढणी-शिजवणीच्या दिवसांत तीनच प्रकार, दहा मिनिटांत. हळद मोंढ्यात गेली, चैत्र-वैशाखात जरा उसंत मिळाली की पुन्हा पाऊण तास. लागवडीच्या वेळी पुन्हा कमी.

ते तीन प्रकार सांगते. सकाळी चहा ठेवण्याआधी, पोट रिकामं असताना करा.

पहिला, लेकीनं शिकवलेला 'हंड्रेड'. उताणं झोपून गुडघे दुमडा, पावलं जमिनीला. तुमची मान धरते, म्हणून डोकं उचलू नका, खाली घडी घातलेली चादर ठेवा. हात अंगालगत चार बोटं उचलून, पाण्यावर हलक्या थापट्या माराव्यात तसे वरखाली. पाच थापट्यांना श्वास आत, पाच थापट्यांना बाहेर. असं दहा वेळा. श्वास सोडताना बेंबी कण्याकडे ओढा. खोकल्यावर, शिंकल्यावर जो त्रास होतो असं तुम्ही मला हळूच सांगितलं होतं, त्यासाठीही इथेच काम आहे. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळतो तेच श्वास सोडताना हलके वर ओढा, श्वास घेताना सोडून द्या. लाजण्यासारखं यात काही नाही.

दुसरा, सेतू. त्याच स्थितीत श्वास सोडत शेपटीच्या हाडापासून एकेक मणका उचलत कंबर वर न्या, तिथे एक श्वास घ्या, मग वरच्या मणक्यापासून एकेक टेकवत खाली या. दिवसभर वाकलेल्या शरीराला उलट्या बाजूचं काम मिळतं ते इथे. सहा-सात वेळा पुरे. घाईनं पंधरा करण्यापेक्षा सावकाश सहा.

तिसरा ओट्याशी उभं राहून. एक हात ओट्यावर, नजर समोरच्या खिडकीच्या गजावर, एक पाऊल वीतभर उचला. तळपायाचे तीन बिंदू जमिनीला टेकलेले जाणवू द्या: अंगठ्याची गादी, करंगळीची गादी, टाच. घोटा थरथरेल. थरथरू द्या, तोलाचं शिक्षण त्या थरथरण्यातूनच होतं. दहा श्वास, मग दुसरा पाय. आठवड्याभरानं ओट्यावरचा हात दोन बोटांवर आणा. डोळे मिटून मात्र एकट्या असताना करू नका.

एक सूचना गंभीरपणे घ्या. तुमची पाळी जाऊन काही वर्षं झाली, हाडांची तपासणी अजून केलेली नाही. ती होईपर्यंत पाठ गोल करून गडगडायचे, पाय डोक्यामागे न्यायचे प्रकार लेकीनं शिकवले असले तरी करायचे नाहीत. हाडं ठिसूळ असतील तर मणक्याला त्यानं इजा होऊ शकते. पायात मुंग्या येऊन त्या खाली उतरू लागल्या, चक्कर आली, किंवा रात्री दुखून झोपमोड झाली तर व्यायाम थांबवा आणि मला कळवा.

मोडणीला येणाऱ्या बायकांनाही दुपारच्या भाकरीनंतर दोन मिनिटं उभं करून कमरेवर हात ठेवून मागे झुकायला लावा. पैसे लागत नाहीत, काम खोळंबत नाही. तुम्ही सांगितलंत तर त्या ऐकतील. मी सांगितलं तर 'डॉक्टरीणबाई सांगतात' म्हणून हसून सोडून देतील.

लागवड आटोपली की आषाढात नर्सीला नामदेवांच्या दर्शनाला आणि तिथून औंढ्याला जाऊ. या खेपेला तुम्ही पुढे, मी मागे. पत्र मिळालं की सतरंजी माळ्यावरून काढून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू करा. लेकीला मी काही कळवलेलं नाही, तुम्हीच सांगा.

दादांस सा. न., आत्याबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं आहे असं सांगावं. मुलांना आशीर्वाद. हाडांच्या तपासणीसाठी येत्या बुधवारी हिंगोलीला या, सकाळी घरीच उतरा. मी रजा काढली आहे.

तुमची,
धाकटी नणंद