आधी रक्त, मग इंजेक्शन



पाऊस पडून चार दिवस उघडीप मिळाली की गोचीड वाढतात, आणि पाठोपाठ गोठ्यागोठ्यात ताप सुरू होतो. आपण सगळ्याला एकच नाव देतो, "गोचीड ताप". आणि पापणी पांढरी दिसली की म्हणतो, "रक्त कमी झालंय, टॉनिक द्या." पण रक्त कमी होण्याच्या वाटा वेगळ्या, आणि प्रत्येक वाटेचं औषध वेगळं. गेल्या आषाढात एका पंधरवड्यात तीन जनावरांचे रक्ताचे रिपोर्ट वहीत लिहून ठेवले होते. तेच आज मांडतो.

आधी चांगल्या जनावराचे आकडे. गाईचं हिमोग्लोबिन साधारण ८ ते १५ असतं. पीसीव्ही, म्हणजे शंभर भाग रक्तात लाल पेशींचा भाग किती, तो २४ ते ४६. लाल पेशी एका थेंबाच्याही बारीक मापात ५० लाख ते १ कोटी. पांढऱ्या पेशी ४ ते १२ हजार. प्लेटलेट १ लाखाच्या वर. ही यादी गोठ्यात चिकटवून ठेवा. कारण नमुना माणसांच्या लॅबमध्ये दिला तर रिपोर्टवर नॉर्मल आकडे माणसाचे छापून येतात. ९ हिमोग्लोबिनची धडधाकट गाय त्या कागदावर आजारी दिसते.

पहिली माझी एचएफ संकरित गाय. दुसरं वेत, व्यायला चाळीस दिवस, दोन्ही वेळचं मिळून १८ लिटर. बँकेच्या कर्जावर घेतलेली, हप्ता दुधाच्या पगारातनं जातो. सकाळी धारेच्या वेळी मंडळी म्हणाल्या, "अहो, ही रवंथ करीना, आन पान्हाबी सोडंना." थर्मामीटर लावला तर १०६. खांद्यापुढची गाठ मोसंबीएवढी सुजलेली. लघवी मात्र साफ. रिपोर्ट : हिमोग्लोबिन ७.१, पीसीव्ही २१, पांढऱ्या पेशी ३,८००, प्लेटलेट ७० हजार. काचेवर लाल पेशीत थायलेरियाचे ठिपके.

दुसरी चुलतभावाची जर्सी संकरित, सातव्या महिन्याची गाभण. ताप १०५, गाठ कुठंच नाही, पण लघवी कोऱ्या कॉफीसारखी. हिमोग्लोबिन ४.६, पीसीव्ही १४. काचेवर लाल पेशीत टोकाला टोक लावून बसलेले जोडीजोडीचे दाणे. हा बबेसिया.

तिसरी माझी सात महिन्यांची कालवड. ताप नाही. केस उभे, जबड्याखाली पाणी उतरून पिशवी झालेली. हिमोग्लोबिन ५. रक्ताची काच साफ. पण पांढऱ्या पेशींत इओसिनोफिल १४ टक्के, आणि शेण तपासलं तर जंतांची अंडी.

तिघींच्या पापण्या सारख्याच पांढऱ्या. आता आतमध्ये काय चाललं होतं ते बघा.

थायलेरिया आधी पांढऱ्या पेशीत शिरतो आणि तिथंच वाढतो. म्हणून गाठ सुजते, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली येतात. नंतर तो लाल पेशीत जातो. त्या पेशी प्लीहा आणि यकृत गाळून काढतात. रक्त आतल्या आत गाळलं जातं, म्हणून लघवी साफ राहते. बबेसिया लाल पेशी रक्तवाहिनीतच फोडतो. फुटलेलं हिमोग्लोबिन मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, म्हणून लघवी काळी-तांबडी. आणि पोटातला गोल जंत तर सरळ रक्त पितो. तिथं रक्तातलं प्रथिनही जातं, म्हणून जबड्याखाली पाणी साठतं.

चौथा एक आहे, ॲनाप्लाझ्मा. तो परजीवी नाही, जिवाणूच्या जातीतला आहे, पण राहतो लाल पेशीच्या कडेला. त्यात कावीळ दिसते, लघवी लाल होत नाही. गोचिडाशिवाय चावऱ्या माश्या आणि इंजेक्शनची सुईसुद्धा तो पसरवते. एका सुईनं दावणीची सगळी जनावरं टोचायची पद्धत म्हणून बंद करा.

आता औषधं. थायलेरियाला ब्युपारव्हाक्वोन, बबेसियाला डायमिनाझिन, ॲनाप्लाझ्माला ऑक्सिटेट्रासायक्लिन, जंताला जंतनाशक. एकाचं औषध दुसऱ्याला नीट लागू पडत नाही. डोस वजनावर असतो, तो डॉक्टरांनीच ठरवायचा.

चुलतभाऊ त्या दिवशी म्हणाला, "लॅबची वाट बघत बसलो तर गाय जाईल." त्याचं खरं होतं. पण डॉक्टर साहेबांनी जे सांगितलं तेच मला आज तुमच्यापर्यंत पोचवायचंय. ते म्हणाले, "रिपोर्टसाठी उपचार थांबवायचा नाही. पण सुई टोचायच्या आधी रक्त काढून ठेवायचं. दोन मिनिटांचं काम आहे. एकदा औषध गेलं की काचेवरचे जंतू पुसले जातात, मग गाय ऐकत नसली तर शोधायचं कुठं?" त्यांनी रक्त काढलं आणि लघवीचा रंग बघून तिथंच डायमिनाझिन दिलं. रिपोर्टनं दुसऱ्या दिवशी ते बरोबर ठरवलं.

नमुना असा घ्यायचा. कानाच्या कडेच्या बारीक शिरेतला थेंब काचेवर पातळ पसरवून हवेत वाळवायचा. बबेसिया अशा बारीक शिरांत जास्त सापडतो. मानेच्या शिरेतलं रक्त जांभळ्या बुचाच्या बाटलीत. बाटली हळू उलटीसुलटी करायची, हिसडायची नाही. बर्फाच्या डब्यात न्यायची, पण बर्फ बाटलीला थेट लागू द्यायचा नाही. गोठलं की पेशी फुटतात आणि रिपोर्ट वाया. तालुक्याला सोय नसेल तर जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात विचारा. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे.

रिपोर्ट वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. काच साफ आली म्हणजे आजार नाही असं नाही. थायलेरिया सुरुवातीला गाठीत असतो, रक्तात दिसत नाही. तेव्हा डॉक्टर गाठीतला नमुना घेतात. आणि उलटही खरं. आजारातून उठलेल्या गाईच्या रक्तात थोडे जंतू पुढं बरेच दिवस राहतात. ताप नाही, हिमोग्लोबिन १०, खातेपिते, आणि काचेवर चार ठिपके दिसले, तर तिला महागडं इंजेक्शन द्यायची घाई नको. काच, आकडे आणि थर्मामीटर तिन्ही एकत्र वाचायचे.

आता पुढं काय झालं. चुलतभावाच्या गाईचं रक्त इतकं उतरलं होतं की डॉक्टरांनी रक्त चढवायचं ठरवलं. आमच्या खिलार बैलाची काच आधी तपासली, मग त्याचं ४ लिटर रक्त काढून तिला दिलं. गाईला पहिल्यांदा रक्त देताना गट जुळला नाही तरी सहसा चालतं, असं तेव्हा कळलं. गाय वाचली. पण पाचव्या दिवशी वासरू टाकलं. घरात दोन दिवस कोणी नीट बोललं नाही.

माझ्या गाईचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. पण आठव्या दिवशी पुन्हा रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.१ वरून ५.४ वर आलेलं. जंतू मेले तरी खराब झालेल्या पेशी शरीर गाळत राहतं, आणि नव्या तयार व्हायला वेळ लागतो. ताप उतरला म्हणून तिला उन्हात चरायला सोडली असती तर धाप लागून बसली असती. सावलीत बांधून ठेवली, वैरण-पाणी जागेवर, पेंड आणि खनिज मिश्रण चालू. महिन्यानं ७.६, दोन महिन्यांनी ९.२. दूध १३ लिटरवर येऊन थांबलं, त्या वेतात १८ काही झालं नाही. हप्ते थकले नाहीत एवढंच.

लोहाच्या इंजेक्शनचंही कळलं. कालवडीचं रक्त जंतांनी पिऊन बाहेर गेलं, त्याबरोबर लोहही गेलं, म्हणून तिला लोह दिलं. माझ्या गाईचं रक्त आतल्या आत गाळलं गेलं, लोह शरीरातच राहिलं. म्हणून डॉक्टरांनी तिला लोह दिलं नाही.

शेवटी गोचीड. १८९३ साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी बबेसियाचा ताप गोचीड पसरवतो हे सिद्ध केलं. डासांचं आणि हिवतापाचं नातं रॉस यांनी सिकंदराबादला शोधलं त्याच्या चार वर्षं आधी. तिथले गुरं पाळणारे लोक आधीपासूनच गोचिडावर बोट ठेवत होते, ते खरं निघालं. बबेसियाचा गोचीड अंगावरच लहानाचा मोठा होतो आणि आजार अंड्यांतून पिलांना देतो. थायलेरियाचा गोचीड मधल्या काळात गोठ्याच्या भिंतीच्या फटीत, गव्हाणीखाली लपतो. म्हणून नुसतं गाईवर फवारून भागत नाही. फटी सिमेंटनं बुजवा, भिंतीवर फ्लेम गन फिरवा (छपराला पाचट असेल तर नको), आणि औषध दर वेळी तेच वापरू नका.

संकरित कालवडींना थायलेरियाची लस दोन महिन्यांच्या वयानंतर मिळते. पावसाळ्याच्या आधीच डॉक्टरांना विचारून घ्या. आणि घरात एक थर्मामीटर, दोन जांभळ्या बुचाच्या बाटल्या, चार काचा ठेवा. तापाची गाय दिसली की डॉक्टरांना फोन करतानाच सांगा, "साहेब, आधी रक्त घ्यायचंय."