कंबरेवरचा मनाईहुकूम

पुरुषाने फ्लामेंको कसे नाचावे याचा जाहीरनामाच विसेंते एस्कुदेरो या थोर नर्तकाने १९५१ साली दहा कलमांत मांडून ठेवला. पहिल्याच कलमात पुरुषासारखे नाचण्याची आज्ञा आहे. पुढे संयमाची मागणी आहे, मनगट कोणत्या दिशेने वळवावे आणि बोटे कशी जुळलेली असावीत याचा दंडक आहे, आणि कंबर स्थिर राहिली पाहिजे असा निःसंदिग्ध हुकूमही आहे. एस्कुदेरोविषयी मला नितांत आदर वाटतो. सिगिरिया या गंभीर, शोकात्म गीतप्रकारावर नृत्य रचण्याचे पहिले श्रेय त्यालाच दिले जाते, आणि त्याच्या रेखाकृतींतील उभ्या, करकरीत सौंदर्याने मीही अनेकदा भारावून गेलो आहे. परंतु ज्या नृत्याचा सारा भार गुडघ्यांच्या किंचित वाकण्यावर आणि ओटीपोटाच्या स्थैर्यावर तोललेला असतो, त्या नृत्यातून पुरुषाच्या शरीराचा मधला प्रांतच दफ्तरातून खारीज करून टाकणे हे कलेच्या गरजेतून आले की त्या काळच्या स्पेनच्या धाकातून, हा प्रश्न मला सेव्हिलमधील शिक्षणाच्या काळात पडला आणि अद्याप त्याने माझी पाठ सोडलेली नाही.

मी मूळचा कथकचा विद्यार्थी. एकतालाच्या बारा मात्रा अंगात मुरलेल्या असल्यामुळे सोलेआ या फ्लामेंको गीतप्रकाराच्या बारा ठोक्यांशी माझी ओळख लवकर होईल असे पुण्यात वाटत होते, आणि काही अंशी ती झालीही. तथापि तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या ठोक्यावर पडणारे वजन समेच्या न्यायाने चालत नाही, आणि दहाव्यावर वाक्य मिटवण्याची तिथली रीत पहिल्या मात्रेवर येऊन विसावणाऱ्या माझ्या पायांना दीर्घकाळ परकी वाटली. या चक्राला तिकडे कोंपास म्हणतात. गाणारा, वाजवणारा, टाळी धरणारा आणि नाचणारा, सर्व त्याचेच बांधील. त्यातून चुकलेल्याला तिथे कोणीही माफी देत नाही, मग तो कितीही नामवंत घराण्यातला असो.

पावलांची तयारी बऱ्यापैकी झाल्यावर आमच्या गुरुबाईंनी वर्गातील पुरुषांच्याही हाती बाता दे कोला दिली. बाता म्हणजे मांडीपर्यंत अंगालगत बसणारा आणि मागे मीटरभर, कधी त्याहूनही लांब शेपूट सोडणारा झगा. तिच्या आतल्या बाजूलाही झालरींचे थर शिवलेले असल्यामुळे ती चांगलीच जड असते. पाहणाऱ्याला वाटते की नर्तकी ही शेपूट पायाने उडवते. वस्तुतः पाऊल हा केवळ शेवटचा अंमलदार. हुकूम सुटतो तो कमरेतून. आधी कंबर वळते, मग मांडी तो वळसा स्वीकारते, मग पोटरी मागे दुमडून पावलाची आतली कड झालरीखाली शिरते, आणि या साऱ्या काळात खांदे व मान यांनी तो प्रयत्न किंचितही उघड करावयाचा नसतो. गिरकी घेताना शेपूट अर्धा ठोका उशिरा येते, म्हणून शरीराने कोंपासच्या अर्धा ठोका आधी निघावे लागते, आणि मागे पाऊल टाकायचे तर कापड कुठे पडले आहे हे डोळ्यांनी न पाहता पाठीने जाणावे लागते. आलेग्रियास या गीतप्रकाराच्या मधोमध गाणे थांबते आणि गिटार संथ, काहीशी खिन्न होते, त्या सिलेन्सिओ नावाच्या भागात बातेचे खरे सामर्थ्य कळते. मातिल्दे कोरालसारख्या विदुषीने ही विद्या सेव्हिलच्या घराण्यात शास्त्रासारखी बांधून दिली ती उगीच नव्हे. कंबर स्थिर ठेवायची असे एकदा ठरले की ही सारी विद्या पुरुषाला आपोआप निषिद्ध होते. त्यासाठी निराळे फर्मान काढावे लागत नाही.

फर्माने मात्र निघालीच. भटक्यांविरुद्धच्या जुन्या कायद्यात १९५४ साली दुरुस्ती करून फ्रँकोच्या राजवटीने समलिंगी माणसांना त्याच्या कलमांखाली आणले, १९७० साली सामाजिक धोक्याचा नवा कायदा केला, आणि ते कलम हटण्यास १९७८ सालचा शेवट उजाडावा लागला. त्याच्याही आधी, यादवी युद्ध संपल्यावर, कोप्ला हा गीतप्रकार गाणारा मिगेल दे मोलिना हा मालागाचा गायक, ज्याचे रंगीत सदरे आणि ज्याची निर्भय हालचाल लोकांना प्रिय होती, त्याला मारहाण करून देशोधडीला लावण्यात आले, आणि तो आर्जेंटिनात जाऊन तिथेच १९९३ साली निवर्तला. ही पार्श्वभूमी ध्यानात घेतल्यावाचून एस्कुदेरोचे पहिले कलम मला वाचवत नाही.

उलट दिशेचा प्रवास मात्र सन्मानाचा ठरला. कार्मेन आमाया ही नर्तकी उंच कमरेची पुरुषी विजार घालून नाचे, पुरुषांची मिरास समजल्या गेलेल्या सापातेआदो या पदन्यासात तिने पायांचा असा कडकडाट केला की १९६३ साली तिच्या मृत्यूनंतरही त्या वेगाचे दाखले दिले जातात. स्त्रीने पुरुषाचे घेतले तर ती चढली आणि पुरुषाने स्त्रीचे घेतले तर तो उतरला, अशी ही वहिवाट होती. या वहिवाटीत स्त्रीचाही अपमान आहे हे आमच्यापैकी फारच थोड्यांच्या ध्यानात येते.

मानुएल लिन्यानचा ‘विवा!’ हा प्रयोग २०१९ साली रंगमंचावर आला. लिन्यान ग्रानादाचा, लहानपणी खोलीचे दार लावून आईचा हिरवा घागरा नेसत असे, हे त्याने स्वतःच जाहीरपणे सांगितले आहे, आणि २०१७ साली स्पेनचा राष्ट्रीय नृत्यपुरस्कार मिळालेला हा नर्तक पुढे आपल्यासोबत सहा पुरुषांना घेऊन बाता, शाली आणि केसांतील फुले यांसह उभा राहिला. हा प्रयोग पाहताना मराठी माणसाला बालगंधर्व आठवणे अपरिहार्य आहे. गंधर्वांची साधना अशी की समोर पुरुष आहे याचा प्रेक्षकाला विसर पडावा, आणि तो पडतही असे. लिन्यानच्या साथीदारांना तसला विसर नको आहे. त्यांचे दंड, त्यांच्या रुंद पाठी, त्यांचे जबडे जसे आहेत तसे दिसतात, आणि तरीही मणभर वाटणारी ती शेपूट हवेत चढून नेमक्या ठोक्यावर उतरते. ती स्त्रीची नक्कल वाटत नाही, कारण नकलेला इतकी वर्षे तालीम लागत नाही. ज्या विद्येवर त्यांचा हक्क नामंजूर झाला होता ती त्यांनी पूर्णपणे कमावली आहे, एवढेच तिथे सिद्ध होते, आणि माझ्या डोळ्यांत त्या रात्री पाणी आले ते त्यामुळेच.

रोसिओ मोलिना या नर्तकीने हीच बाता निराळ्या रीतीने वापरली. ‘काईदा देल सिएलो’ या २०१६ च्या प्रयोगात ती शुभ्र बाता नेसून प्रारंभ करते, जमिनीवर लोळते, मग ती उतरवून ठेवते; आणि २०१८ च्या ‘ग्रितो पेलाओ’मध्ये एक समलिंगी स्त्री म्हणून एकटीने मातृत्व स्वीकारण्याची कहाणी स्वतःच्या गर्भवती देहाने सांगते. तिच्याविषयी स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

या साऱ्यांनी परंपरा बाटवली असा आक्षेप सेव्हिलच्या मैफलींत मी ऐकला आहे, आणि तो घेणाऱ्यांचे प्रेम खरे आहे हेही मी जाणतो, विशेषतः ज्या रोमा घराण्यांनी हालअपेष्टांत ही कला जगवली त्यांच्या धास्तीचा मला अवमान करावयाचा नाही. पण शुद्धतेची ज्या परंपरेला हमी द्यायची तिचा दस्तऐवज तरी तपासावा. फेर्नांदो लोपेस रोद्रिगेस या नर्तक-अभ्यासकाने २०२० साली फ्लामेंकोचा क्वीअर इतिहास लिहिला. तो १८०८ पासून सुरू होतो, म्हणजे एस्कुदेरोच्या दहा कलमांहून ही वळणे बरीच वडील आहेत. माझ्या मते फ्लामेंकोत चौकशी करण्याजोगी गोष्ट एकच, ती कोंपासची. आणि त्या चौकशीत ‘विवा!’मधील सातही जण निर्दोष सुटतात.

पुण्यातील माझ्या वर्गात आता मुलगे आणि मुली एकत्रच बाता शिकतात. आमचे शिंपी आतल्या झालरी शिवायला प्रथम नाखूष होते, कारण जे दिसणार नाही त्यावर एवढे कापड का घालायचे हे त्यांना पटेना. मी त्यांना तालमीला बोलावले, शेपूट वर चढताच आतली बाजू प्रेक्षकाकडे कशी वळते ते दाखवले, आणि पुढच्या खेपेस त्यांनी आतल्या झालरींना स्वतःहून गडद तांबडी किनार लावून आणली.