इंजिनाचे कान

परवा दसऱ्याला मी साठी उलटलेल्या एका इंजिनाला कान बसवले. तुम्ही हसाल. आमच्या घरातही हसलेच. शेजारच्या काकू तर "या वयात बाईमाणसाने…" एवढेच म्हणून थांबल्या.

इंजिन अर्थात खेळण्यातले. बोटीवर नोकरीला असलेल्या मामांनी १९६२ साली विलायतेहून ट्राय-अँग कंपनीची दोन काळी इंजिने आणली. एक भाऊला, एक मला. "पोरीला इंजिन कशाला?" असे आजीने विचारलेच. पण आम्ही चाळीसगावची माणसे. अण्णा धुळ्याच्या गाडीवर गार्ड होते, आणि जंक्शनच्या गावात घड्याळापेक्षा शिट्टीवर विश्वास अधिक. मीही शिट्टी ऐकूनच शाळेला निघत असे.

इंजिने दोन, रूळ मात्र एकच. तिथेच भांडणाचे मूळ. रुळांत बारा व्होल्टची वीज. बटण फिरवले की वेग वाढे, वीज उलटी केली की इंजिन मागे येई. वीज काही नाव विचारून आत शिरत नाही. भाऊने बटण फिरवले की त्याच्याबरोबर माझेही इंजिन पळे, आणि मी रडे. शेवटी अण्णांनी नियम घातला : एकाचे इंजिन रुळावर असताना दुसऱ्याने आपले उचलायचे, आणि विचारल्यावाचून दुसऱ्याच्या इंजिनाला हात लावायचा नाही.

अण्णा गेले, घराचे कागद निघाले. भाऊने सही मागितली. मी केली नाही. तीन भाऊबीजा झाल्या, तो धुळ्याहून आलेला नाही. चूक कोणाची ते येथे लिहीत नाही. लिहिले तर माझ्याच बाजूने लिहीन.

यंदा नातवाने कोथरूडचे जोशींचे चिमुकल्या रेल्वेचे संग्रहालय पाहिले आणि तो वेडावला. त्यानेच मला नखाएवढ्या दोन पट्ट्या आणून दिल्या. डिकोडर म्हणतात त्यांना. आता रुळांत वीज कायम भरलेली असते आणि तिच्यातूनच हुकूम धावतात : 'अमक्या नंबरच्या इंजिना, हळू चल.' पट्टी आपल्या नंबरचा हुकूम तेवढा ऐकते, बाकीचे सोडून देते. एकाच रुळावर एक इंजिन पुढे, दुसरे मागे!

मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवले. तरी टोपण उघडताना हात कापला. जुन्या मोटरची एक खोड असते. तिच्या दोन कार्बनांपैकी एकाला वीज थेट इंजिनाच्या धातूच्या सांगाड्यातून मिळते. तसेच ठेवून पट्टी जोडली, तर ती क्षणात जळते. कार्बन दाबणाऱ्या स्प्रिंगच्या एका पायावर कारखान्यातूनच नळी चढवलेली होती. दुसऱ्या पायावर मी वायरीची साल काढून चढवली. मोटर सांगाड्यापासून पुरती सुटली आहे ना, हे मीटरने तीनदा पाहिले. मग डाख दिला : लाल नि काळी तार चाकांकडे, नारिंगी नि करडी मोटरकडे. नव्या पट्टीचा नंबर तीन असतो. तीन नंबरला हाक मारली, आणि माझे इंजिन एकटे निघाले. साठ वर्षांत प्रथमच एकटे.

भाऊचे इंजिन डब्यात आहे. पट्टीवाचून या रुळावर ठेवले, तर ते जागच्या जागी गुणगुणत तापते. दुसरी पट्टी होतीच, पण अण्णांचा नियम आठवला. मी धुळ्याला फोन लावला.

"तुझ्या इंजिनाला कान बसवायचे आहेत. हात लावू का?"

बराच वेळ काही ऐकू येईना. मग म्हणाला, "तुझा डाख नेहमी कच्चा असतो, ताई. उघडू नकोस. मी येईन तेव्हा बघू."

केव्हा, ते त्याने सांगितले नाही, मी विचारले नाही. डाखाची नवी तार आणून ठेवली आहे. कागद कपाटातच आहेत.