मावशी म्हणजे इमो, आत्या म्हणजे गोमो

तुमच्या घरात कोणी कोरियन मालिका बघतं का? बघत असेल, तर 'ओप्पा', 'सारांघे' हे शब्द तुमच्या कानांवर नक्की पडले असतील. मुलगी सारखी मोबाइलला डोळे लावून बसते म्हणून तुम्ही चिडलाही असाल. मी मात्र तुम्हाला वेगळंच सुचवणार आहे. तिला म्हणा, "मलाही शिकव की!"

आमच्या घरी रोज संध्याकाळी अर्धा तास कोरियनचा वर्ग भरतो. आम्ही झाशी जिल्ह्यातल्या समथरला राहतो. जुनं संस्थानी गाव, किल्ला, आणि चहूकडे बुंदेली नि हिंदी. मराठी फक्त उंबऱ्याच्या आत. मी इंग्रजीत बीए केलं, आता घरूनच कंटेंट रायटिंग करते. कोरियन हौसेने शिकले. माझी विद्यार्थिनी म्हणजे माझी 13 वर्षांची भाची. ताई-भावोजींची सारखी बदली होते, म्हणून ती शाळेसाठी आमच्याकडे असते. आई तिच्याशी मराठीत बोलते, ती उत्तर देते हिंदीत. एकदा आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "माझ्यानंतर या घरात मराठी फक्त फोटोला हार घालताना ऐकू येईल." ती हसत म्हणाली खरी, पण मला ते लागलं.

भाचीने "मला कोरियन शिकव" असा हट्ट धरला, तेव्हा मी एकच अट घातली. कोरियन शिकवीन, पण मराठीतून.

ती अट घालताना वाटलं नव्हतं, इतकी ती उपयोगी पडली. कारण मोबाइलवरची बहुतेक ॲप्स कोरियन इंग्रजीतून शिकवतात, आणि तिथेच गोंधळ होतो. इंग्रजीत 'आंटी' एकच. कोरियनमध्ये आईची बहीण 'इमो' आणि वडिलांची बहीण 'गोमो'. मावशी आणि आत्या! आपल्याला समजावून सांगायलाच नको. इंग्रजीत 'राइस' एकच. कोरियनमध्ये कच्चा तो 'स्साल', शिजवलेला तो 'पाप'. तांदूळ आणि भात. हिंदीत दोन्हीला सर्रास 'चावल' म्हणणाऱ्या आमच्या भाचीला त्या दिवशी तांदूळ आणि भात हे दोन वेगळे शब्द पहिल्यांदा स्वतःहून वापरावे लागले.

वाक्याची बांधणीही ओळखीची वाटते. 'चॉनुन पाबुल मॉगॉयो' म्हणजे 'मी भात खाते'. आधी कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद. 'शाळेत जाते' म्हणायचं तर 'हाक्क्योए कायो'. शाळेला जसा आपण 'त' जोडतो, तसा त्यांनी 'हाक्क्यो'ला 'ए' जोडला. इंग्रजीसारखी शब्दांची उलटापालट करावी लागत नाही.

लिपीची भीती वाटते? वाटू देऊ नका. कोरियाचा राजा सेजोंग याने ही लिपी 1443 साली तयार करवली आणि 1446 मध्ये लोकांसाठी जाहीर केली. मूळ अक्षरं फक्त 24, त्यात 14 व्यंजनं आणि 10 स्वर. व्यंजनांचे आकार तोंडातल्या हालचालींवरून घेतलेत. 'म'चं अक्षर मिटलेल्या ओठांसारखं चौकोनी, 'न'चं टाळूला टेकलेल्या जिभेसारखं. 'क'ला एक रेघ वाढवली की 'ख'च्या जवळचा उच्चार. आपण लहानपणी कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य असं म्हणत वर्णमाला शिकलो, तोच विचार इथे चित्रात दिसतो. अक्षरं एकापुढे एक न लिहिता, जोडाक्षरासारखी एका चौकोनात बसवतात. ऑफिसमधला 'ऑ' आणि ओलीमधला 'ओ' हा फरक त्यांनाही लागतो, तो मराठी जिभेला आयता येतो.

यातली एक गोष्ट आईला फार आवडली. त्या काळचे विद्वान चिनी लिपीलाच मान देत आणि या नव्या लिपीला 'बायकांची अक्षरं' म्हणून हिणवत. बायकांनी मात्र तिच्यातच पत्रं लिहिली, मनातलं कागदावर उतरवलं. "मग टिकवली कोणी?" आईने विचारलं आणि त्या दिवसापासून ती वर्गात येऊन बसू लागली. अर्थात हातात शेंगा सोलायचं काम घेऊनच.

आई आल्यावर वर्गाचा रंगच बदलला. मी सांगितलं की कोरियन माणूस एकुलता एक असला तरी 'माझी आई' न म्हणता 'उरी ऑम्मा' म्हणतो, म्हणजे 'आमची आई'. नवऱ्यालाही 'उरी नाम्प्यॉन'. आई लगेच म्हणाली, "आमचे हे!" घराबाहेर पडताना तिकडची मुलं म्हणतात 'तान्यॉ ओगेस्सुम्निदा', म्हणजे 'जाऊन येते'. आपल्याकडेही 'जाते' म्हटलं की आई ओरडतेच, "येते म्हण!" भेटल्यावर तिथेही विचारतात 'पाप मॉगॉस्सॉयो?', म्हणजे जेवलात का? आणि नमस्काराला वाकणं तर आहेच. त्यांच्या नववर्षाला, सॉल्लालला, मुलं मोठ्यांना जमिनीला टेकून नमस्कार करतात आणि मोठे त्यांना पैसे देतात. भाचीने ही प्रथा फार मनावर घेतली आहे.

सगळंच गोड आहे असं मात्र नाही. आईची आई कोरियनमध्ये 'वेहाल्मॉनी'. त्यातल्या 'वे'चा अर्थ बाहेरची. हे ऐकून आईचा हात थांबला. "म्हणजे मी हिची बाहेरची आजी?" भाचीने ताडकन म्हटलं, "नाही गं आजी, हे माझं आजोळ आहे!" मराठीत, पूर्ण वाक्य. मी काही बोलले नाही. पण कोरियन लोक ज्याला बाहेरचं घर म्हणतात, त्यासाठी आपल्याकडे 'आजोळ' हा किती मऊ शब्द आहे, हे मलाही तेव्हाच जाणवलं.

सासरच्या नात्यांचंही तसंच. नवऱ्याच्या धाकट्या बहिणीला वहिनीने 'आगास्सी' म्हणायचं, भावाला 'दोर्योन्निम'. हे जुने मानाचे शब्द. बायकोच्या धाकट्या भावंडांसाठीच्या शब्दांत मात्र तो मान नाही. यावर तिथे बरीच चर्चा झाली आणि नावाने हाक मारायलाही हरकत नाही, असा विचार पुढे आला. आईने तेव्हा सांगितलं की तिने स्वतःपेक्षा सहा वर्षांनी लहान नणंदेला वर्षानुवर्षं 'वन्सं' म्हटलं. ही गोष्ट भाचीने कधी ऐकलीच नव्हती. त्या दिवशी धडा राहिला बाजूला, गप्पा रात्रीपर्यंत चालल्या.

तुम्हालाही सुरुवात करायची असेल, तर मला जमलेल्या काही गोष्टी सांगते. पहिला आठवडा फक्त अक्षरं. फ्रिजवर, डब्यांवर चिठ्ठ्या लावा. दुसऱ्या आठवड्यात घरातल्या माणसांना नात्याने हाक मारा. एक लक्षात ठेवा, मोठ्या भावाला मुलगी 'ओप्पा' म्हणते आणि मुलगा 'ह्यॉंग'. मोठ्या बहिणीला मुलगी 'ऑन्नी', मुलगा 'नुना'. मग रोजची पाच वाक्यं, तीही जेवताना किंवा निघतानाची. 'तू' आणि 'तुम्ही' यांतला फरक आपल्याला ठाऊक असतोच. कोरियनमध्ये तो क्रियापदाच्या शेवटाला दिसतो, म्हणून नवशिक्यांनी 'यो' लावलेलीच रूपं वापरावीत. पुढे परीक्षा द्यावीशी वाटली, तर 'टोपिक' आहे. तिच्या सुरुवातीच्या पेपरात 200 पैकी 80 गुणांना पहिली पातळी मिळते, 140 ला दुसरी.

आणि मूल ज्या भाषेपासून दूर चाललंय, त्याच भाषेतून शिकवा. भाची अजूनही मैत्रिणींशी हिंदीतच बोलते, तसंच बोलावं. पण वहीत कोरियन शब्दापुढे ती मराठी अर्थ लिहिते आणि अडली की आजीला विचारते. परवा तिने 'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरक विचारला, कारण हिंदीत दोन्हीला 'हम'. कोरियनमध्ये 'चॉही' म्हटलं की समोरचा माणूस त्यात नसतो, 'उरी'त तो असू शकतो. आईने तिला समजावलं, "आम्ही जेवलो म्हणजे तू उपाशी. आपण जेवू म्हणजे तुझंही पान मांडलंय."

तेवढं बोलून आई ताटं घ्यायला उठली.