प्रश्न विचारणारे आम्ही कोण?

गुणात्मक संशोधनात ‘रिफ्लेक्सिव्हिटी’ असा शब्द आहे. सोपा अर्थ : समोरच्याची माहिती लिहिताना आपली जात, लिंग, पद आणि भाषा त्या माहितीला कसा आकार देतात, हेही तपासायचे. प्रबंधात याला एक परिच्छेद मिळतो. आमच्या मते तो रोजचा व्यवहार असला पाहिजे.

गोंदिया जिल्ह्यातील देवरी-सालेकसा भागात आम्ही सिकलसेलग्रस्त कुटुंबांच्या मुलाखती घेतो. आमच्यात समाजकार्यकर्ते आहेत, परिचारिकाही आहेत. सिस्टरने “गोळ्या रोज घेता ना?” विचारले की उत्तर ‘हो’ येते. उद्या अंग ठणकले तर त्याच सिस्टरसमोर जायचे असते. मग ते ‘हो’ गोळ्यांचे की भीतीचे? म्हणून उपचार करणारी सिस्टर आपल्याच रुग्णाची मुलाखत घेत नाही. मुलाखत दवाखान्याबाहेर होते.

काही तरुण मित्र विचारतात, “आपण तर याच समाजाचे, मग हे कशाला?” समाज एक असला तरी एम.ए.ची पदवी, पगार आणि हातातला फॉर्म आपल्याला वेगळे करतात. गोंड आजी गोंडीत बोलते, मुलगा मराठीत सांगतो आणि कागदावर मुलाचे मत उतरते. सिद्धान्त मांडणारे सवर्ण आणि माहिती पुरवणारे दलित, ही समाजशास्त्रातली विषमता गोपाळ गुरू यांनी 2002 मध्ये दाखवून दिली. आजीला आम्ही फक्त माहितीचा साठा समजलो, तर तीच उतरंड आम्ही एक पायरी खाली नेतो.

प्रश्नाची भाषाही तपासावी लागते. “तुमच्याच समाजात हा आजार का?” या प्रश्नात दोषारोप आहे. सिकलसेलचा एकच जनुक असणाऱ्या वाहकाला गंभीर मलेरियापासून काही संरक्षण मिळते, म्हणून मलेरियाच्या प्रदेशांत तो जनुक टिकला. जातीअंतर्गत लग्नांनी तो त्याच समूहांत फिरत राहिला. सजातीय विवाह हेच जातीचे मर्म आहे, हे बाबासाहेबांनी 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात मांडले होते. म्हणजे जाब रक्ताला नव्हे, जातिव्यवस्थेला विचारायचा आहे.

मित्रांनो, प्रत्येक मुलाखतीनंतर वहीत तीन प्रश्नांची उत्तरे लिहा. समोरच्याने आपल्याला कोण समजून उत्तर दिले? काय बोलायचे टाळले? या माहितीचा फायदा कुणाला होणार? व्यवस्थेची चिकित्सा करणाऱ्यांनी स्वतःला त्यातून सूट देऊ नये.

जय भीम!